खानदेशात वसंत असतो का? सकाळी फिरताना तुमच्या गल्लीत काय दिसलं ते लिहा

गिरणाकाठ (जळगाव)

होळी झाली की आमच्याकडे माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्याचं गवत बदललं जातं आणि "लागला उन्हाळा" असं घरोघरी जाहीर होतं. फाल्गुन सरून चैत्र लागत असतो, कोकणातली मंडळी मोहराच्या फोटोंनी आपले फोन भरून टाकत असतात, आणि आपण डोक्याला रुमाल बांधून गप्प. माझं म्हणणं एवढंच की वसंत आपल्याकडेही येतो, फक्त सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ उघडा असतो. नऊला बाहेर पडणाऱ्याला तो दिसायचा नाही.

मी महाबळ भागात राहतो. रोजची फेरी काव्यरत्नावली चौकापर्यंत, सुट्टीला मेहरुण तलावापर्यंत. मेहरुणची बोरं संपली, आता तलावावर फिरणारेच जास्त.

सगळ्यात आधी पिंपळ. आमच्या रस्त्यावर दोन पिंपळ आहेत, मध्ये फार तर शंभर पावलं. एक पूर्ण खराटा झालेला आणि दुसरा तांब्याच्या रंगाच्या कोवळ्या पानांनी लदलेला. ऊन तेच, माती तीच. मग दोघांचं वेळापत्रक वेगळं का? कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

निंबाचा पाला सध्या इतका पडतोय की झाडणाऱ्या मावशी एक टोक झाडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा पिवळं होतं. त्याच फांद्यांवर मागून पोपटी पालवी येतेय. मोहोर अजून पुरता उमललेला नाही, पण रात्री जेवून शतपावलीला निघालं की वास येतो. दिवसा तोच वास लागत नाही.

शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तांबट बसतो. पक्षी चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. आवाज मात्र भांड्याच्या दुकानातला, टुक टुक टुक, एका लयीत. दुपारी बाकी सगळे पक्षी गप्प झाले तरी याचं काम चालूच असतं.

आणि एक कोडं. नवीन प्लॉट पडलेत तिथल्या दुभाजकावर एक झाड आहे, पान जवळजवळ नाही, आणि अंगभर गुलाबी फुलं, कर्ण्यासारखी. खाली सडा. लोक गाड्या थांबवून सेल्फी काढतात आणि "जळगावात चेरी ब्लॉसम" असं लिहून टाकतात. हे झाड कोणतं?

माणसांचंही लिहा, फक्त झाडं-पक्षी नको. आमच्याकडे रसवंतीची घुंगरं वाजायला लागली, माठवाले काळे माठ घेऊन बसले आणि कोपऱ्यावर टरबुजाचे ढीग आलेत.

शंकासुर (भुसावळ)

वसंत वगैरे पुस्तकातला. आपल्याकडे ऋतू तीन: उन्हाळा, कडक उन्हाळा आणि चिखल. मार्चअखेर पारा 40 अंशांना टेकतो, एप्रिलमध्ये त्याच्याही वर. सहा ते आठ या दोन तासांना ऋतू म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

बाकी निंबाचं कौतुक ज्यांच्या गटारात तो पाला जात नाही त्यांनीच करावं.

पांझराकाठ (धुळे)

शंकासुर भो, निंबले नाव नको ठेवू. दुपारले त्यानाच सावलीमा बससात ना सगळा?

धुळ्याचं सांगतो. आमच्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत आणि जुन्या नंबरांच्या गल्ल्यांत झाडं कमी, पण सकाळी सकाळी चिंच फोडण्याचा आवाज येतो. ओट्यावर दोघी-तिघी बसलेल्या, पुढ्यात चिंचेचा ढीग, हातात छोटी हातोडी किंवा नुसता दगड. गर एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या बाजूला. घरबसल्या मिळणारं हे काम आहे, मजुरी किलोवर.

या दिवसांतली धुळ्याची खरी खूण म्हणजे रस्त्याने चालणारी माणसं. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव असतो. सगळ्या खानदेशातून लोक पायी निघतात, धुळ्यावरून मालेगावकडे, पुढे गडाच्या वाटेला. भगवे झेंडे, डोक्यावर ओला टॉवेल, पायाला फोड आलेले. रात्री आणि पहाटे चालतात, दुपारी झाडाखाली आडवे होतात. महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. त्यामुळे आता पुलाखाली किंवा पेट्रोल पंपाच्या छपराखाली झोपलेले दिसतात. मी पहाटे फिरायला निघतो ते या लोकांना चहा द्यायला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोरांबरोबर. वसंत म्हणा नाहीतर काही म्हणा, चैत्र आल्याचं मला पायी जाणाऱ्यांवरून कळतं.

चैत्र पौर्णिमेला देवपुरात एकवीरा देवीची यात्रा असते, पाळणे लागतात. त्या दिवशी नदीकाठी फिरणं विसरा.

निंबोळी (अमळनेर)

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, तेव्हा गिरणाकाठ यांच्या प्रश्नांना उत्तर देणं भागच आहे.

गुलाबी झाड बहुधा टॅबेबुया. मूळचं मध्य अमेरिकेतलं. एल साल्वादोर देशाचं ते राष्ट्रीय झाड आहे. चेरीशी त्याचा काही संबंध नाही, ते आपल्या टेटू या झाडाच्या कुळातलं. लवकर वाढतं, फुललं की फोटो छान येतो, म्हणून अलीकडे दुभाजकांवर आणि नव्या वसाहतींत लावतात. फुलं मोठी आणि कर्ण्यासारखी असतील तर हेच. फुलं लहान, वाटाण्याच्या किंवा घेवड्याच्या फुलासारखी, फांदीला चिकटून गुच्छात असतील तर ते गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. तेही मध्य अमेरिकेचंच आणि तेही याच दिवसांत निष्पर्ण होऊन फुलतं. त्याच्या बिया आणि साल उंदरांना विषारी.

आता पिंपळ. पानं कधी गाळायची हे प्रत्येक झाडाचं थोडं स्वतंत्र असतं. बियांपासून आलेली दोन झाडं म्हणजे दोन वेगळी माणसंच, शिवाय एकाच्या मुळांना कुणाच्या बोअरवेलचं किंवा सांडपाण्याचं पाणी पोचत असेल आणि दुसऱ्याच्या नाही. कोवळी पानं तांबूस दिसतात ती त्यांतल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. पान पुरतं तयार होईपर्यंत कडक उन्हापासून ते त्याचं रक्षण करतं. पान जून झालं की हिरवं.

मला जास्त गंमत वाटते ती वेळेची. आपल्याकडे जूनपर्यंत पाऊस नाही, काळी माती भेगाळायला लागलेली, विहिरी खाली चाललेल्या, आणि नेमक्या याच वेळी निंब, पिंपळ, करंज नवी पानं काढतात. पाणी नसताना हा खर्च कसा परवडतो? जुनी पानं गाळली की पानांवाटे उडून जाणारं पाणी थांबतं, खोड आणि फांद्या आतून पुन्हा भरतात, आणि त्या साठ्यावर नवी पालवी फुटते. मुळं खोल असतील तर खालच्या ओलीचा आधार असतोच. पाऊस येईल तेव्हा पानं तयार पाहिजेत, म्हणून ही आधीपासूनची मांडामांड. ज्याला शंकासुर कडक उन्हाळा म्हणतात, तो झाडांच्या हिशोबात सगळ्यात कामाचा काळ आहे. पळस, पांगारा, काटेसावर तर पानं बाजूला ठेवून आधी फुलं उरकतात. पानांची आड नसली की पक्ष्यांना लांबून रंग दिसतो, आणि परागीकरण करणारे मुख्यतः तेच.

शंकासुर, तुम्ही ज्या झाडाचं नाव घेतलंय तेही भर उन्हाळ्यात लाल-पिवळं फुलतं. तेवढं लक्षात असू द्या :)

शंकासुर (भुसावळ)

सर, नावावरून पकडलंत. मान्य. पण चाळीस अंशांत फुलणं झाडाला जमतं, मला नाही.

सातपुडी (शहादा)

वा, निंबोळी सर! फुलांचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे सकाळचं फिरणं म्हणजे शेतांच्या कडेने. दादर (रब्बी ज्वारी) निघाली, गहू कापून झालाय, हार्वेस्टर रात्रभर चालतात. बांधावरची काटेसावर जवळजवळ उतरली. भोरड्या अजून आहेत पण थव्यांची गडबड बघून वाटतं की निघायच्या तयारीत आहेत. मध्य आशियात वीण करून भादव्याच्या सुमारास आपल्याकडे येतात आणि चैत्रात परततात. ज्वारीवर पडतात म्हणून शेतकरी त्यांच्यावर चिडतो, पण संध्याकाळी तारांवरून एकदम उठून वळणारा तो काळा-गुलाबी थवा बघायला तोच शेतकरी पाच मिनिटं मोटारसायकल थांबवतो.

नंदुरबारला जायचं झालं तर शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या आता आवरत आल्यात. हिवाळ्यात मैदानंच्या मैदानं लाल असतात आणि बसची खिडकी उघडी असेल तर अख्खी बस शिंकते. मार्चमध्ये अवकाळी आला तर सगळ्यांत आधी तिथे पळापळ, ताडपत्री घेऊन.

आणि मोह! वर धडगाव-तोरणमाळच्या बाजूला होळीनंतर मोहाची फुलं गळतात. फुलं पहाटे पडतात, म्हणून बायका-पोरं अंधारात टोपल्या घेऊन निघतात आणि ऊन चढायच्या आत वेचून परत. जाड, रसाळ, फिकट पिवळी फुलं. वाळवली की मनुक्यासारखी. वास असा की आवडला तर आवडला, नाहीतर डोकं उठतं. (दारूबद्दल सगळ्यांना माहीत असतं, फुलं भाजून आणि भाकरीबरोबर खातात हे फार जणांना माहीत नसतं.) फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि डोंगराला वणवे लागतात त्यामागचं हे एक कारण. काही ठिकाणी आता खाली जाळी किंवा जुनं कापड अंथरतात. फुलंही स्वच्छ मिळतात.

होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची राजवाडी होळी यांवर स्वतंत्र धागा काढेन. तो विषय इथे मावायचा नाही.

जिजीची_नात (भुसावळ)

तुम्ही सगळे खाली-वर झाडांकडेच बघताय. गच्च्या बघा की!

आमच्या कॉलनीत साडेपाचला उठून फिरायला निघालं तर प्रत्येक गच्चीवर हालचाल दिसते. वाळवणं सुरू झाली. ज्वारीच्या बिबड्यांचं (पापडांचं) पीठ पहाटे शिजवायला घेतात, त्यात तीळ, जिरं, लसूण, तिखट, आणि गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचं. थंड झालं की हात चालत नाही. त्यामुळे पाच-सहा जणींचा गट लागतो, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. शिजलेल्या पिठाचा गोळा कच्चं तेल घालून वाटीत देतात. पोरं त्यासाठीच उठतात.

कुरडयांचा गहू भिजत घातलेला असला की ते घर रस्त्यावरूनच ओळखू येतं, तो आंबूस वास लपत नाही. मग चीक, मग सोऱ्या, मग खाटेवर जुनं धोतर आणि त्यावर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी. कावळ्यांना हाकलायला एक आजी काठी घेऊन दारातल्या सावलीत. ही आजी आता कमी झाली, तिच्या जागी चमकणाऱ्या पट्ट्या बांधतात. कावळ्यांना फरक पडत नाही.

वर पाल्याची तक्रार आहे म्हणून सांगते. याच दिवसांत वर्षाचा गहू भरतात. आमची जिजी निंबाचा हिरवा पाला सावलीत वाळवून कोठीत थराथराने घालायची, कीड लागू नये म्हणून. खाली गळलेला पिवळा नाही, फांदीवरचा. आता गोळ्या टाकतात. मी अजून पाला घालते.

परगावी (पुणे)

वाचून पोटात तुटलं. बिबडी भाजल्याचा वास आला अक्षरशः. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालायला परवानगी नाही.

कोकीळ सुरू झाली का तिकडे? इथे पहाटे चारपासून.

पांझराकाठ (धुळे)

झाली ना. ओरडतो तो कोकीळ, नर, काळाभोर. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, ती किक-किक करते आणि सहसा दिसत नाही. थंडीत गप्प असतो म्हणून लोकांना वाटतं की बाहेरगावी जातो. असतो इथेच. कावळ्यांची घरटी व्हायला लागली की याचं काम सुरू.

केळीवाला_रावेर

आमचं फिरणं म्हणजे बागेला फेरी. या महिन्यात पश्चिमेकडून गरम वारं सुरू होतं, पानांच्या कडा करपतात. पश्चिमेच्या अंगाला शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असेल तर बाग वाचते, नसेल तर हिरवी जाळी बांधा. कांदेबागेला (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला) पाणी कमी पडू देऊन चालत नाही. केळफुलावर शिंजीर पक्षी येतात, जांभळे चमकदार. थांबून बघायला वेळ नसतो, पण दिसतात.

गिरणाकाठ (जळगाव)

टॅबेबुयाच. फुलं कर्ण्यासारखीच आहेत. धन्यवाद सर.

पाला जाळण्यावर कुणीच बोललं नाही. आमच्याकडे रोज सकाळी चार-पाच ठिकाणी छोटे ढीग पेटलेले असतात. फिरायला मोकळी हवा म्हणून बाहेर पडायचं आणि धूर घेऊन परत यायचं. झाडणाऱ्या माणसालाही दोष देता येत नाही, पाला उचलून न्यायला गाडी नाही. दुसरं म्हणजे पेव्हर ब्लॉक. आमच्या गल्लीत निंबाच्या बुंध्याला अगदी चिकटून ब्लॉक बसवलेत, बोटभर माती उघडी नाही. वर खिळे ठोकून क्लासच्या पाट्या.

निंबोळी (अमळनेर)

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीसाठी आदेश दिला होता, झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटशिवाय मोकळी ठेवा म्हणून. आपल्याकडे शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. तुमचा निंब तेवढा जुना असेल तर अर्जात हे लिहा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत फोटो जोडा. तोंडी सांगून काही होत नाही.

पाल्याचं: कंपाउंडच्या कोपऱ्यात विटांचा चौकोन करा, पाला टाका, अधूनमधून पाणी आणि थोडं शेण. पावसाळा संपेपर्यंत काळं खत हातात येतं. निंबाचा पाला एकटा सावकाश कुजतो, दुसरा पाला मिसळा.

आणि तांबटाचं घरटं वाळक्या फांदीतच असतं, चोचीने कोरलेलं गोल भोक. पावसाळ्यापूर्वी तारांखालच्या फांद्या छाटायला माणसं येतील, तेव्हा तेवढी फांदी दाखवून ठेवा. तारेला लागत नसेल तर ते ठेवतात, आधी सांगितलं तर.

परगावी (पुणे)

मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतोय. तोवर काय शिल्लक असेल बघायला?

सातपुडी (शहादा)

पळस संपलेला असेल, त्याला तीन-तीन पानं आलेली असतील. बहावा मात्र तेव्हाच पिवळा, गुलमोहर सुरू. रुईच्या बोंडातल्या म्हाताऱ्या उडत असतील. निंबाला झोके, गौराईची गाणी, डांगर (खरबूज), आमरस. भरपूर आहे, या.

शंकासुर (भुसावळ)

आणि 44 अंश. रुमाल आणा.

आता एक खरा प्रश्न, थट्टा नाही. चार दिवस झाले, आमच्या गच्चीवर टाकीच्या बाजूला खडी पडलेली आहे तिथे टिटवी बसते. आज बघितलं तर चार अंडी, खडीच्या रंगाची. मी वर गेलो की डोक्यावरून घिरट्या घालून सगळी गल्ली उठवते. दुपारी तिथे उघडं ऊन असतं. अंड्यांवर पत्रा किंवा पोतं टाकू का?

पांझराकाठ (धुळे)

टिटवी उंचावर बसली म्हणजे पाऊस जोरात, आमचा आजा म्हणायचा. दुसऱ्या मजल्यावर म्हणजे पूरच की!

निंबोळी (अमळनेर)

काही टाकू नका. जागा बदलल्यासारखी वाटली तर ती सोडून देईल. ऊन चढलं की ती अंड्यांवर सावली धरून बसते, आणि पाण्यात पोट भिजवून येऊन अंडी गार करते. तुम्ही एक करा: घरट्यापासून आठ-दहा हात लांब एक उथळ थाळी पाणी भरून ठेवा, रोज बदला, आणि वर जाणं कमी करा. उबवायला साधारण 28 ते 30 दिवस लागतात. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच पायावर उभी राहतात आणि गच्चीवर थांबत नाहीत, कठड्याच्या भोकातून खाली उड्या टाकतात. त्या सुमारास खाली मांजर आणि कुत्र्यांवर लक्ष ठेवा.

शंकासुर (भुसावळ)

थाळी ठेवली. संध्याकाळी वापरलेली दिसली.

पण महिनाभर गच्ची बंद म्हणजे आमच्याकडच्या कुरडया-पापडांचं काय? गहू कालच भिजत घातलाय, घरात मला विचारणा चालू आहे.

जिजीची_नात (भुसावळ)

कोणत्या भागात राहता ते मेसेजमध्ये कळवा. जवळ असाल तर चीक घेऊन वहिनींना आमच्या गच्चीवर पाठवा, परवा आमच्याकडे वाळवणाची पाळी आहे. सोऱ्या त्यांचा आणायला सांगा, आमच्या एकाची मूठ तुटलीये.